आधी वही, मग संगणक

येलदरी धरणावर पाण्याचा हिशेब एका साध्या नियमाने चालतो. पूर्णा नदीतून जेवढे पाणी आले, त्यातून वीजगृहाकडे सोडलेले, सांडव्यावरून गेलेले आणि उन्हाने उडालेले वजा करायचे. जे उरते ते जलाशयाच्या पातळीत दिसले पाहिजे. दिसले नाही, तर कुठेतरी मोजमाप चुकले आहे. जिंतूर तालुक्यातले हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण क्षमता २२.५ मेगावॅट. वीज तयार झाली की तेच पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते, तिथून कालव्यांनी शिवारात पोचते आणि उसाला मिळते. तो ऊस वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांत गाळपाला जातो. तिथे उसाचा रस होतो, रसाचा पाक होतो, पाकाची साखर होते आणि मागे उरलेल्या मळीपासून अल्कोहोल तयार करता येते. एका टप्प्यातून जे बाहेर पडते, तेच पुढच्या टप्प्यात शिरते.

रासायनिक प्रक्रियेचे सिम्युलेशन करणारे सॉफ्टवेअर मुळात हाच हिशेब करते. फरक इतकाच की धरणावर एकाच पदार्थाचा हिशेब असतो, तर कारखान्यात एकेका नळीतून अनेक पदार्थ एकत्र वाहत असतात. त्यातले काही द्रव असतात, काही वाफ, आणि दाब किंवा तापमान बदलले की त्यांचे प्रमाणही बदलते. शिवाय वस्तुमानाबरोबर उष्णतेचाही ताळेबंद जुळावा लागतो. हे सगळे हाताने करता येते, पण एका मोठ्या संयंत्राला महिने लागतात. संगणक तेच काही सेकंदांत करतो. या विद्येची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी, विशेषतः परभणी, हिंगोली, नांदेड, जालना या भागातल्या रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आणि कारखान्यात शिफ्ट सांभाळणाऱ्या तरुण अभियंत्याला, यासाठी ही प्रस्तावना आहे.

आधी सॉफ्टवेअरच्या पोटात काय चालते ते पाहू. काम चार पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीवर प्रक्रियेतले घटक निवडायचे : पाणी, इथेनॉल, अमोनिया, बेंझीन, जे असतील ते. दुसऱ्या पायरीवर हे घटक एकमेकांशी कसे वागतात हे सांगणारे ऊष्मागतिकीचे प्रारूप निवडायचे. तिसऱ्या पायरीवर पंप, उष्णता-विनिमयक, रिॲक्टर, डिस्टिलेशन कॉलम अशी उपकरणे पडद्यावर मांडून त्यांना प्रवाहांनी जोडायचे. या आकृतीला फ्लोशीट म्हणतात. चौथ्या पायरीवर आत येणाऱ्या प्रवाहांचे आकडे द्यायचे आणि गणित सोडवायला सांगायचे. सॉफ्टवेअर एकेक उपकरण क्रमाने सोडवत जाते. मात्र बाहेर पडलेला एखादा प्रवाह पुन्हा सुरुवातीकडे वळवलेला असेल, तर अडचण येते, कारण पुढचे कळल्याशिवाय मागचे सुटत नाही आणि मागचे सुटल्याशिवाय पुढचे कळत नाही. अशा वेळी त्या प्रवाहाचा एक अंदाज धरून गणित सुरू करतात, फेरी पूर्ण झाली की आलेला आकडा अंदाजाशी ताडून पाहतात आणि दोन्ही जुळेपर्यंत फेऱ्या चालू ठेवतात. गणित जुळले की सगळे प्रवाह स्थिरावतात. जुळले नाही, तर अनेकदा चूक प्रश्न मांडण्यात असते.

संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून हे शास्त्र उभे होते. द्रावणावरच्या बाष्पदाबाचा राउल्टचा नियम १८८७ चा, तापमानावरून बाष्पदाब काढण्याचे आंत्वानचे समीकरण १८८८ चे. डिस्टिलेशन कॉलमला किती टप्पे लागतील हे आलेखाच्या कागदावर पायऱ्या काढून शोधण्याची मॅककेब आणि थीले यांची रीत १९२५ ची आहे, आणि ती आजही प्रत्येक रासायनिक अभियंत्याला शिकवली जाते. मिश्रणाचा किती भाग वाफ होईल आणि किती द्रव राहील हे काढण्याची रॅचफर्ड आणि राइस यांची पद्धत १९५२ ची. नंतरच्या पंचवीस वर्षांत आदर्श नसलेल्या मिश्रणांची प्रारूपे आली : १९६४ मध्ये विल्सन, १९६८ मध्ये एनआरटीएल, १९७२ मध्ये सोआव्ह-रेडलिख-क्वाँग, १९७५ मध्ये युनिक्वॅक आणि युनिफॅक, १९७६ मध्ये पेंग-रॉबिन्सन. आजच्या कोणत्याही सिम्युलेटरची यादी उघडली की हीच नावे ओळीने दिसतात.

संगणकावरचे पहिले मोठे कार्यक्रम अमेरिकी रसायन कंपन्यांनी स्वतःच्या गरजेतून लिहिले. मॉन्सँटो कंपनीचा फ्लोट्रान हा त्यांतला गाजलेला. सत्तरच्या दशकात तो विद्यापीठांनाही वापरायला मिळाला आणि फ्लोशीट सोडवणे हा वर्गात शिकवायचा विषय झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाची काटकसर हा राष्ट्रीय प्रश्न बनला. अमेरिकी सरकारच्या पैशाने १९७६ मध्ये एमआयटीत ॲस्पेन प्रकल्प सुरू झाला आणि १९८१ मध्ये त्यातून ॲस्पेनटेक ही कंपनी निघाली. कॅनडातील कॅलगरीत हायसिस घडले, तेल आणि वायूच्या उद्योगात त्याने पाय रोवले. प्रो-टू आणि केमकॅड ही आणखी काही नावे. आज जगभरची तेलशुद्धीकरण केंद्रे, खत कारखाने आणि आरेखन कंपन्या ही साधने सर्रास वापरतात.

महाराष्ट्रात या विद्येसाठी जमीन आधीच तयार होती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, ज्याला सगळे यूडीसीटी म्हणत आणि आज जी इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे, तो १९३३ साली सुरू झाला. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ ची, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. प्रा. एम. एम. शर्मा यांनी यूडीसीटीत आणि डॉ. एल. के. दोरायस्वामी यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत अभिक्रियांच्या अभियांत्रिकीवर केलेले काम जगभर मानले गेले. प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी रिॲक्टरच्या आत द्रव कसा फिरतो याचे गणित मांडले. रिॲक्टरचा अनुभव आणि त्याचे गणित हातात हात घालून चालावेत, ही शिस्त आपल्याकडे याच लोकांनी रुजवली. सॉफ्टवेअर नंतर आले. शिस्त आधी होती, आणि तिच्याशिवाय सॉफ्टवेअरला अर्थ नाही, हेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

उद्योगात सिम्युलेशनचा उपयोग तीन ठिकाणी होतो. पहिला, नवे संयंत्र आखताना. माहुलची तेलशुद्धीकरण केंद्रे, थळचा खत कारखाना, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल अशा प्रकारच्या संयंत्रात कॉलमची उंची, विनिमयकाचे क्षेत्रफळ, पंपाची ताकद हे सगळे आधी कागदावर ठरावे लागते. पोलाद एकदा कापले की चूक दुरुस्त करणे फार महाग पडते. दुसरा उपयोग चालू संयंत्रात होतो. उत्पादन दहा टक्के वाढवायचे आहे, तर आधी काय अडेल? कॉलम, कंडेन्सर की बॉयलर? प्रत्यक्ष संयंत्रावर हा प्रयोग करणे धोक्याचे असते. पडद्यावर तो दिवसभरात दहा वेळा करता येतो. तिसरा उपयोग माणसे तयार करण्याचा. वैमानिक जसे जमिनीवरच्या यंत्रात सराव करतात, तसे ऑपरेटर काळानुसार बदलणाऱ्या सिम्युलेशनवर संयंत्र सुरू करणे, बंद करणे आणि बिघाड सांभाळणे शिकतात.

इथे भोपाळची आठवण काढलीच पाहिजे. डिसेंबर १९८४ मध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, उष्णता देणारी अभिक्रिया आटोक्याबाहेर गेली आणि हजारो माणसे गेली. अशा अभिक्रियेत तापमान आणि दाब किती वेगाने चढतील, सुरक्षा झडप किती मोठी हवी, वायू धुऊन काढणाऱ्या स्क्रबरवर किती भार येईल, हे आज गणिताने आधी पाहता येते. पण त्या रात्री भोपाळमध्ये टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळणारी फ्लेअरही जोडलेली नव्हती. ही बाब कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही. ते धोका दाखवते. यंत्रणा चालू ठेवणे हे व्यवस्थापनाचे आणि आपले काम आहे.

आता दोन उदाहरणे जवळून पाहू. दोन्ही आपल्या भागातली आहेत.

पहिले, साखर कारखान्यातले इव्हॅपोरेटर. स्वच्छ केलेला १०० टन रस घ्या. त्याचे ब्रिक्स १५, म्हणजे १०० टनांत विरघळलेले घन पदार्थ १५ टन. त्याचा ६० ब्रिक्सचा पाक करायचा आहे. घन पदार्थ कुठे जात नाहीत, ते १५ टनच राहतात. म्हणून पाकाचे वजन १५ भागिले ०.६०, म्हणजे २५ टन. उरलेले ७५ टन पाणी उडवायचे. एकाच भांड्यात ते उकळले, तर ढोबळ मानाने तेवढीच, म्हणजे ७५ टन वाफ खर्च होईल. म्हणून कारखान्यात भांड्यांची, कारखान्याच्या भाषेत बॉड्यांची, रांग असते. पहिल्या बॉडीतून निघालेली वाफ दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला, आणि प्रत्येक पुढच्या बॉडीत दाब कमी ठेवलेला असल्याने रस कमी तापमानाला उकळतो. चार बॉड्या असतील, तर वाफेचा खर्च ७५ च्या चौथ्या हिश्शाजवळ, म्हणजे सुमारे १९ टनांवर येतो. पाच असतील, तर १५ च्या आसपास. वाचलेली वाफ म्हणजे वाचलेला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणि वाचलेला बगॅस म्हणजे सहवीजनिर्मितीतून विकता येणारी वीज.

एवढा हिशेब वहीवर पाच मिनिटांत होतो. सिम्युलेटर त्याच्या पुढे जातो : प्रत्येक बॉडीचे तापमान किती, मधूनच रस तापवण्यासाठी वाफ काढून घेतली तर काय होईल, पहिल्या बॉडीचे क्षेत्रफळ वाढवले तर किती फायदा होईल. पण त्याचे उत्तर मानण्याआधी दोन गोष्टी त्याला सांगाव्या लागतात. एक, साखरेचे द्रावण पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळते. ६० ब्रिक्सला हा फरक सुमारे तीन अंशांचा असतो. सर्वसाधारण सिम्युलेटरच्या माहितीसाठ्यात ऊसरसाची अशी माहिती आयती मिळेलच असे नाही, ती आपण भरावी लागते. दोन, गाळप जसजसे पुढे सरकते तसा नळ्यांच्या आत क्षारांचा थर, म्हणजे स्केल, साचत जातो आणि उष्णता कमी जाऊ लागते. सॉफ्टवेअर मुळात नळ्या स्वच्छ आहेत असेच धरते. म्हणून साफसफाईनंतरच्या पहिल्या दिवसाचे आणि तीन आठवड्यांनंतरचे आकडे वेगळे असतात, आणि हे पॅनेलवर उभ्या असलेल्या कामगाराला अभियंत्यापेक्षा आधी कळते. त्याच्या लॉगबुकशिवाय केलेले सिम्युलेशन अर्धवट असते.

दुसरे उदाहरण मळीपासून अल्कोहोल करण्याचे. आंबवलेल्या मळीच्या द्रावणात, म्हणजे वॉशमध्ये, अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास असते. डिस्टिलेशनने ते वाढवत नेतात. इथेनॉल ७८.४ अंशांना उकळते, पाणी १०० ला, तेव्हा कॉलम पुरेसा उंच केला की शुद्ध इथेनॉल मिळेल असे नवख्याला वाटते. त्याने राउल्टच्या आदर्श नियमाचे प्रारूप निवडले, तर सिम्युलेटरही त्याच्या होला हो म्हणतो आणि ९९ टक्क्यांच्या पुढचे उत्तर बिनदिक्कत देतो. प्रत्यक्षात सामान्य दाबाला वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉलवर वाफेची आणि द्रवाची घडण सारखी होते, दोन्ही ७८.२ अंशांना एकत्र उकळतात आणि डिस्टिलेशन तिथेच थांबते. एनआरटीएल किंवा युनिक्वॅक निवडले की पडद्यावरचा कॉलमही तिथेच अडतो. पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलला किमान ९९.५ टक्के शुद्धता लागते, म्हणून पुढे पाणी शोषून घेणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हचे वेगळे युनिट बसवावे लागते. प्रारूप निवडताना यादीतली एक ओळ चुकली, तर संयंत्रातले एक अख्खे युनिटच कागदावरून गायब होते, आणि सॉफ्टवेअर एकही चूक दाखवत नाही. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी पहिल्याच तासाला सांगतो. त्यानंतर कोणी प्रारूप डोळे मिटून निवडत नाही.

मग अशी साधने ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यापर्यंत का पोचली नाहीत? मुख्य अडसर परवान्यांचा होता. व्यापारी सिम्युलेटर महाग असतात आणि परवान्याचे नूतनीकरण करत राहावे लागते. महाविद्यालयाने शैक्षणिक परवाने घेतले, तरी ते प्रयोगशाळेतल्या ठरावीक संगणकांपुरते असतात. दुपारी प्रयोगशाळा बंद झाली की अभ्यास बंद. पदवी मिळून विद्यार्थी लहान कारखान्यात गेला, तर तिथे परवाना नसतो आणि शिकलेले विसरायला होते. चोरून उतरवलेल्या प्रतींवर शिकण्याची सवय तर त्याहून वाईट. अभियंत्याच्या आयुष्याची सुरुवात अशी होऊ नये.

भारतीय महाविद्यालयांपुढचा हा अडसर दूर करण्याचे काम मुंबईतच, पवईच्या आयआयटीत झाले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. ब्राझीलचे रासायनिक अभियंते डॅनियल मेदेइरोस यांनी डीडब्ल्यूसिम हा सिम्युलेटर लिहिला आणि मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, आणि वर सांगितलेली राउल्ट, एनआरटीएल, युनिक्वॅक, युनिफॅक, पेंग-रॉबिन्सन ही प्रारूपे त्यात आहेत. आयआयटी मुंबईत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीवरच्या फॉसी प्रकल्पाने तो भारतीय महाविद्यालयांत नेला. तिथल्या फ्लोशीटिंग प्रकल्पाची रीत मला फार मोलाची वाटते. विद्यार्थी प्रसिद्ध साहित्यातली एखादी प्रक्रिया निवडतो, प्रस्ताव पाठवतो, ती डीडब्ल्यूसिममध्ये उभी करतो, तज्ज्ञ ती तपासतात, आणि मान्य झाली की ती त्याच्या नावाने सगळ्यांसाठी खुली होते. दूरच्या गावातल्या विद्यार्थ्याच्या कामाकडे त्याचे महाविद्यालय कोणते हे न पाहता कोणीतरी बारकाईने पाहते, हे त्याला किती बळ देते, ते शिकवणाऱ्यालाच कळेल. आयआयटीतच सुरू झालेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह भारतीय भाषांत तयार केले आहेत.

तरीही साधन हाती आले म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. माझा आग्रह तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी वहीची. कोणतीही फ्लोशीट पडद्यावर मांडण्याआधी विद्यार्थ्याने तिचा वस्तुमानाचा ताळेबंद हाताने करावा, इव्हॅपोरेटरचा आपण केला तसा. उत्तर साधारण कुठे पडायला हवे हे ज्याला आधी माहीत असते, त्यालाच संगणकाची चूक ओळखू येते. दुसरी पायरी संगणकाची, आणि तिथे प्रत्येक प्रारूप का निवडले याचे एका वाक्यात लेखी कारण द्यावे. तिसरी पायरी कारखान्याची. आलेले उत्तर एखाद्या चालू संयंत्राच्या नोंदींशी ताडून पाहावे, आणि फरक दिसला तर त्याचे कारण शोधावे. परीक्षेत गुण द्यायचे असतील, तर या फरकाच्या कारणाला सर्वांत जास्त द्यावेत. सुबक आकृतीला नव्हे.

मराठवाड्यात या तिन्ही पायऱ्या जवळजवळ आहेत. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेत रासायनिक अभियांत्रिकी शिकवली जाते. जालन्यात २०१८ पासून इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा संकुल आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकवले जाते. दूध शीतकरण, तेल गाळणी, सोयाबीनवरची प्रक्रिया यांनाही हेच ताळेबंद लागू पडतात. आणि हंगामात परिसरातले साखर कारखाने दिवसरात्र चालू असतात. कमतरता आहे ती या सगळ्यांना जोडणाऱ्या रस्त्याची. कारखान्याच्या नोंदवहीतले आकडे महाविद्यालयात पोचत नाहीत, आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या फ्लोशीट कारखान्यात पोचत नाहीत. एका हंगामातल्या इव्हॅपोरेटरच्या नोंदी एखाद्या कारखान्याने शेजारच्या महाविद्यालयाला दिल्या, आणि विद्यार्थ्यांनी त्यावर वाफ कुठे वाया जाते ते काढून दाखवले, तर दोघांचाही फायदा आहे.

भाषेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला वाट मोकळी केली. सिम्युलेटरचा पडदा इंग्रजीच राहील, आणि तसा राहिला तरी बिघडत नाही. बटणांची नावे आठवड्यात पाठ होतात. पण हे प्रारूप इथे का चालत नाही, ही फेरी का जुळत नाही, हा विचार ज्या भाषेत माणूस घरी बोलतो त्या भाषेत व्हायला हवा. कारखान्यातला ऑपरेटर आणि नवा अभियंता आजही मराठीतच भांडतात आणि मराठीतच उपाय शोधतात. त्या बोलण्याला शास्त्राची बैठक मिळाली, तर दोघांचे काम सोपे होईल.

वाचकाला शेवटी एक विनंती. हे वाचून झाल्यावर लगेच सॉफ्टवेअर उतरवून घ्यायची घाई करू नका. आधी एक कोरा कागद घ्या, तुमच्या ओळखीच्या एखाद्या संयंत्राची चौकट काढा, आत काय येते आणि बाहेर काय जाते ते लिहा आणि ताळेबंद जुळवा. जुळला की मग संगणक सुरू करा. आणि कारखान्यांच्या संचालकांना विनंती, की तुमच्या दारात येऊन नोंदी मागणाऱ्या विद्यार्थ्याला परत पाठवू नका. आज तो फुकट काम करून देईल, आणि उद्या तोच तुमच्याकडचा सर्वांत भरवशाचा अभियंता असेल.